मुंडक्याविना सुरमई

विळीच्या पात्यावर झुबेदाने प्लास्टिकचं पाकीट उभं फाडलं आणि सुरमईच्या तुकड्या परातीत ओतल्या.

तिची सून अम्बरीन फाटलेलं पाकीट उलटसुलट करून बघत होती. तारीख कधीच उलटली होती. त्यात काल दिवसभर वीज नव्हती, फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालं होतं. हे तिने सासूच्या कानावर घालून पाहिलं.

"माशाची जन्मतारीख कुणाला ठाव नाय, नि हे मरणाची छापून देतात," झुबेदा म्हणाली. "मुंडकं कुठाय? कल्ले कुठायत? नुसत्या तुकड्या. तोंड कुणाचं बघू?"

बाहेरच्या खोलीत तिची धाकटी लेक अफशा ओढणीला इस्त्री करत होती. दुपारी बिरवाडीचे पाहुणे तिला बघायला येणार होते. पावसाळ्यामुळे होड्या बंद, बाजारात खाडीच्या बारक्या मासळीपलीकडे काही नाही. पण पाहुण्यांच्या ताटात सुरमई पडली नाही तर आपल्या घराला घर कोण म्हणेल, असं झुबेदाने सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

मोहल्ल्यातल्या बायका मासळी घेतली की आधी तिच्या ओट्यावर आणत. झुबेदा डोळे बघे, कल्ला उचके, शेवटी नाकाशी धरून निकाल देई. तो निकाल आजवर कुणी फिरवला नव्हता. आपल्याला बघून कोळणी टोपल्या झाकतात, असं ती स्वतःच सांगे.

तिने एक तुकडी नाकाशी धरली.

"झकास हाय. हळद-मीठ लाव."

अम्बरीन जागची हलली नाही. परातीतला उग्र वास तिला दारापाशी येऊन भिडला होता. तिने ओढणी नाकाकडे नेली, आणि हात अर्ध्यावरच थांबला. सकाळी भात करपला तेव्हा सासू शेगडीपुढेच तांदूळ निवडत बसली होती. उठली ती धूर डोळ्यांत गेल्यावर. मागचा ताप उतरल्यापासून अत्तर लावायलाही तिला सुमार राहिला नव्हता.

अम्बरीनने ओढणी हळूच खाली सोडली.

"अम्मा, पुन्हा एकदा बघता?"

झुबेदाची नजर त्या ओढणीवर गेली. तिने दुसरी तुकडी उचलली, बराच वेळ नाकाशी धरली. बोट दाबून पाहिलं. पण बर्फातल्या माशाचं मांस ताजं असलं तरी मऊच लागतं. बाहेर अफशा कसलंसं गाणं गुणगुणत होती. झुबेदाने एकदा तिकडे पाहिलं.

"इकडे ये गो," ती म्हणाली आणि तुकडी सुनेपुढे धरली. "माझ्या मागं एखाद्या पाहुण्याला मारशील. घे वास. चुकलीस तर ऐकशील."

"नासलीय, अम्मा."

"नक्की?"

"नक्की."

झुबेदाने सावकाश मान हलवली.

"बरोबर. तुझं तोंड उघडतं की नाय, तेच बघत होते."

मग तिचा आवाज मोहल्लाभर गेला. पाकीटवाल्यांचा उद्धार झाला, ते पाकीट पनवेलहून आणणाऱ्या लेकाचा, इस्माईलचाही झाला. मासळी परसात खोल पुरायला लावून तिने शेजारच्या चाचांना बोलावलं आणि लाल कोंबडा हलाल करून घेतला. सुरमई काय, कुणीही घालतं, असं ती आता सांगत होती.

कढई तापली. अम्बरीन कोंबडा धुवायला मोरीकडे निघाली, तशी झुबेदाने पायाने दुसरा पाट ओढला आणि आपल्या पाटाला भिडवून ठेवला.

"ते अफशा धुईल. तू इथं बस," ती म्हणाली. नजर कढईवरच होती. "खोबरं भाजायचंय."