कुकरमधलं सहावं झाड

पहिलं पान बिघडलं ते एक नंबरच्या डब्यातलं.

मला वाटलं ऊन लागलं असेल.

डबे म्हणजे ऑइलचे पत्र्याचे डबे. दादाने त्याच्या गॅरेजमधून आणून वरची बाजू कापली होती आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा काढला होता, एक ते सहा. सहा नंबरचा गंजून फुटला. म्हणून सहावं झाड आईने दांडी तुटलेल्या कुकरमध्ये लावलं आणि खाली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. बाकीची पाच गच्चीवर, माझ्याकडे.

दादा जाऊन नऊ महिने झाले. कामावर असतानाच छातीत दुखायला लागलं, गाडीखालून बाहेर काढेपर्यंत सगळं संपलेलं. मागे त्याचं गॅरेजचं जाकीट राहिलं, आणि गोळ्यांच्या कागदी पाकिटात आठ बिया. पाकिटावर त्याच्या अक्षरात एकच शब्द. लठ्ठ्या.

लठ्ठ्या हा आमचा टोमॅटो. गावठी, जुन्या वाणाचा. देठापाशी हिरवा, खाली काळपट लाल, अंगाला वळ्या. मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या पोस्टमनने दादाला दिला होता. पोस्टमन गेले, गल्लीही पाडली. दादा दर वर्षी सगळ्यात चांगलं फळ राखून ठेवायचा, बिया ग्लासात आंबवायचा, घरभर आंबूस वास, आई म्हणायची, "एक दिवस तो ग्लास तुझ्याच डोक्यावर ओतते." मग बिया कागदावर वाळवून पाकिटात.

आठांपैकी सहा उगवल्या. सातवी-आठवी गेल्याच. ही सहा मेली की लठ्ठ्या संपला. दुसरं पाकीट नाही, मी सगळे ड्रॉवर उपसून पाहिलेत.

तर पान. आधी त्यावर फिकट आणि गडद हिरव्याचे ठिपके आले, नकाशात देश दाखवतात तसे. मग पान सुरकुतलं. मग शेंड्याची नवी पानं रुंद होईनातच, चिंचोळी, पिळलेली, सुतळीसारखी.

मी मोबाइलवर फोटो टाकले. एक म्हणाला कीड आहे, भिंग घेऊन बघ. एक म्हणाला मॅग्नेशियम कमी. एक म्हणाला पाणी जास्त होतंय, दुसरा म्हणाला कमी होतंय. एकाने लिहिलं, झाडाशी बोलत जा. ते मी आधीपासूनच करत होतो.

कडुनिंबाचं तेल मारलं. मॅग्नेशियमसाठी बागेचं मीठ दिलं. माती वरून उकरली. पाच दिवसांनी दोन नंबर. मग तीन.

ओळीने. आकड्यांप्रमाणे. याने माझी झोप उडाली. कीड आली तर कशीही येते, तिला आकडे वाचता येत नाहीत. इथे कुणीतरी एकेका डब्यापाशी थांबत पुढे सरकत होतं. चार नंबरची पानं मी सकाळी उठल्याउठल्या बघायचो, हात न लावता, श्वास रोखून. चौथ्या दिवशी तिथेही ठिपके.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

दादाच्या जाकिटाच्या आतल्या खिशात त्याची तंबाखूची पिशवी होती, कागदांसकट. तो स्वतः सिगारेट वळून ओढायचा. रोज संध्याकाळी गच्चीवर झाडांपाशी एक. मी कधीच ओढत नव्हतो. पण झाडं वीतभर झाली तेव्हा एका संध्याकाळी मी जाकीट घातलं, एक कशीबशी वळली आणि पेटवली. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी. पण वास आला. तोच. मी एकटा नव्हतो असं पाच मिनिटं वाटलं.

खालून जिन्यात आईचा आवाज आला. "आलास का रे?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, आई, मी आहे. मी गप्प बसलो. धूर गेला, मी जाकीट पत्र्याच्या पेटीत टाकलं, खाली आलो. आईने त्या दिवशी पोटभर जेवण केलं. कित्येक महिन्यांनी. वर मला म्हणाली, "बघतोस काय, वाढ की."

मग रोज. तीच वेळ. आई जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत यायची, पुढे कधी नाही. मी पाण्याच्या टाकीमागे बसायचो. तिची कुजबुज ऐकू यायची, शब्द कळायचे नाहीत. एकदा कळले. "धाकट्याचं कसं होणार रे, तूच बघ आता." धाकटा म्हणजे मी. टाकीमागे, तोंडात सिगारेट.

ती खाली गेली की मी उठून झाडांचे बगलेतले फुटवे खुडायचो. एक नंबरपासून. दादा तसंच करायचा.

पाच नंबरवर ठिपके दिसले त्या दिवशी मी फांदी कापून पिशवीत घातली आणि नर्सरीवाल्या काकांकडे गेलो. दादा त्यांच्याकडूनच माती आणायचा. त्यांनी फांदी हातात घेतली नाही, काठीने उलटी केली.

"मोबाइलवर शिकून काय काय मारलंस?"

मी सांगितलं.

"वा. झाडाला आजारापेक्षा तुझ्या औषधांचाच ताप झाला असणार." मग काठी खाली ठेवली. "घरी तंबाखू कोण ओढतं?"

"कोणी नाही."

"बोटं दाखव."

मी दाखवली. पहिल्या दोन बोटांच्या टोकांना पिवळट डाग होता. काकांनी फांदीकडे बोट केलं.

"याला मोझॅक म्हणतात. विषाणू आहे. तंबाखूच्या पानातून येतो, सुकल्यावरही मरत नाही. बोटांवर बसतो, कात्रीवर, कपड्यांवर. तू एक खुडलंस की पुढच्याला दिलास."

"दादा पण ओढायचा. त्याची झाडं कधी..."

"तुझा दादा झाडाला हात लावायच्या आधी माझ्यासारखंच करायचा. साय काढलेलं दूध वाटीत घ्यायचा, हात बुडवायचा, मग खुडायचा. त्याने विषाणू हातावरच अडकतो. त्याला मीच शिकवलं. तुला नाही सांगितलं त्याने?"

नाही सांगितलं. किंवा सांगितलं असेल, मी मोबाइलमध्ये असेन.

"याला औषध नाही," काका म्हणाले. "मुळासकट उपट, पिशवीत बांध, फेक. एखादं झाड न शिवलेलं आहे का?"

"एक आहे. आईचं."

"मग त्याला तू हात लावू नकोस."

मी पाचही उपटली. मुळं डब्यांना चिकटून होती, ओढताना फाटल्याचा आवाज येत होता. जाकीट आणि पिशवी पेटीतच राहिली, ती टाकायला हात धजेना. सिगारेट मात्र बंद.

पहिल्या संध्याकाळी आई जिन्यात आली, थांबली, परत गेली. आईला मी सांगितलं होतं की झाडांना रोग पडला. तिने फक्त मान हलवली होती.

दुसऱ्या संध्याकाळी ती पायरीवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ताट तसंच. "भूक नाही," म्हणाली. मग म्हणाली, "झाडं गेली म्हणून येत नसेल."

मी एकदा पेटीपर्यंत गेलो. एकच ओढू, हात धुऊ, झाडाच्या जवळ जाणारच नाही. झाकणावर हात ठेवून उभा राहिलो आणि परत आलो.

चौथ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात गेलो तर आई खिडकीपाशी. दादाचं जाकीट तिच्या खांद्यावर, पेटीतून काढून आणलेलं. तंबाखूची पिशवी ओट्यावर उघडी. चिमूटभर तंबाखू तिने बोटांत चुरून नाकाशी धरली होती. कुकरमधलं झाड एका बाजूला कललं होतं, दुसऱ्या हातात सुतळी, बांधायला. ती म्हणत होती, "हे तरी आहे रे. याच्यासाठी तरी ये."

"आई, हात लावू नको त्याला."

तिने वळून पाहिलं.

सगळं सांगितलं. उभ्यानेच, दारातून. जाकीट, टाकी, बोटं, दूध. मध्ये थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. आईने सुतळी खाली ठेवली.

"पहिल्या दिवसापासून तू?"

"हो."

"खोकलास तेव्हाही?"

"हो."

"तो तसाच खोकायचा." मग, "मी काय काय बोलले ते ऐकलंस?"

"एकदाच."

तिने जाकीट काढलं, पिशवी त्याच्या खिशात घातली, त्याची घडी केली आणि दाराबाहेर ठेवली. साबणाने हात धुतले, दोनदा. मग पातेल्यातल्या दुधावरची साय बाजूला केली, वाटीत दूध ओतलं. स्वतःचे हात बुडवले. सुतळी नवीन घेतली. झाड बांधलं, सैलसर, दादा बांधायचा तसं. मी दारातून हललो नाही.

"इकडे ये," ती म्हणाली. "उद्या माझे हात थरथरले तर कोण बांधणार? शिकून ठेव."

मी वाटीपाशी गेलो, हात पुढे केला.

तिने माझा हात मनगटाला धरून मध्येच थांबवला. बोटं नाकाशी नेली. डोळे मिटले. चार दिवस धुऊनही वास गेला नव्हता, मला माहीत होतं. ती तशीच उभी राहिली, खिडकीबाहेर एक गाडी येऊन थांबली, निघूनही गेली, तोवर.

मग तिने स्वतःच माझी बोटं दुधात बुडवली, आणि वर येऊ नयेत म्हणून दाबून धरली.