आधी सांगून होऊ दे

चौथीच्या दोन तुकड्या शेजारी शेजारी होत्या. मधे एक दार होतं, पण त्याला कपाट टेकवून ठेवलेलं असल्यामुळे ते दार आहे हे बहुतेकांच्या लक्षातही नसे. 'अ' तुकडीच्या बाईंना या शाळेत एकोणतीस वर्षं झाली होती. 'ब' तुकडीच्या बाईंचं हे तिसरं वर्ष. शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळे त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत. दोघींचं फारसं जमत नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

थोरल्या बाईंच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. मुलांची अक्षरं मोत्यासारखी. त्या निबंध फळ्यावर लिहून देत, मुलं तो उतरवून घेत, पाठ करत आणि परीक्षेत जसाच्या तसा लिहीत. धाकट्या बाईंच्या वर्गात सदा कलकलाट. तिथली मुलं मनाला येईल ते लिहीत, पण काय लिहिलंय ते लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी वाचता येत नसे.

पाचवीच्या सरांनी एकदा दोन्ही तुकड्यांना न सांगता एक विषय दिला: 'शाळेची घंटा बिघडते तेव्हा'. 'अ' तुकडीतल्या बहुतेक मुलांनी सुंदर अक्षरात शीर्षक लिहिलं, त्याखाली पट्टीनं रेघ मारली आणि कोरा कागद परत दिला. 'ब' तुकडीनं दोन-दोन पानं भरली. सरांनी त्यातली चार वाचायचा प्रयत्न केला आणि चष्मा काढून ठेवला.

हेडसरांनी दोघींना बोलावून गठ्ठे समोर ठेवले.

"एका वर्गाला हात आहे, तोंड नाही. दुसऱ्याला तोंड आहे, हात नाही," ते म्हणाले. "दर बुधवारी शेवटचा तास मुलं मैदानावर जातील. तुम्ही दोघी एकत्र बसा."

"बसून काय करायचं?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"ते मला कळलं असतं तर मीच बसलो नसतो का?"

पहिल्या बुधवारी दोघींनी वह्यांची अदलाबदल केली आणि मान खाली घालून तपासत बसल्या. अर्ध्या तासानं थोरल्या बाईंनी एक वही पुढे सरकवली. "एका पानात एकेचाळीस चुका. मोजल्यात मी."

धाकट्या बाईंनी हातातली वही खाली ठेवली. त्यांच्यापुढे 'माझी आई' या निबंधाच्या पस्तीस वह्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, रागावू नका, पण पस्तीस मुलांच्या पस्तीसही आया पहाटे पाचला उठतात?"

"आई लवकरच उठते. त्यात काय चुकलं?"

"या मुलीची आई दवाखान्यात परिचारिका आहे. कायमची रात्रपाळी. आमच्याच गल्लीत राहतात. मुलगी शाळेला निघते तेव्हा तिची आई कामावरून येऊन झोपते."

थोरल्या बाईंनी वही पाहिली. ती मुलगी त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. शांत, टापटीप, कधी तक्रार नाही. आईची रात्रपाळी त्यांनाही माहीत होती, कारण पालकसभेला ती बाई नेहमी पेंगुळलेल्या डोळ्यांनी येई. तरीही निबंधावर त्यांनी स्वतःच्या हातानं 'छान' असा शेरा दिला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मुलीला जवळ बोलावलं.

"तुझी आई कधी उठते गं?"

"दुपारी, बाई."

"मग पहाटे असं का लिहिलंस?"

मुलगी गोंधळली. "फळ्यावर तसं होतं." मग तिनं विचारलं, "खरं लिहिलं असतं तर चूक धरली असती ना?"

थोरल्या बाईंनी तिला डबा खायला पाठवलं. धरली असती. त्यांना नाही म्हणता येईना.

पुढच्या बुधवारी धाकट्या बाईंनी एक भलतंच सुचवलं. "मुलांना देऊ तो विषय आधी आपण लिहायचा का? नाहीतर त्यांना काय जड जातं ते आपल्याला कसं कळणार?"

विषय ठरला, मोडली तरी टाकवत नाही अशी घरातली एक वस्तू. धाकट्या बाई लगेच खाली मान घालून लिहू लागल्या. थोरल्या बाईंनी शीर्षक लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच देखणं. मग 'आमच्या घरात' एवढं लिहून त्यांचं पेन थांबलं. शेजारचं पेन मात्र सरसर चाललं होतं. मैदानावरून खेळाच्या सरांची शिट्टी ऐकू येत होती. बाईंनी 'आमच्या घरात' खोडून पुन्हा 'आमच्या घरात'च लिहिलं. वीस मिनिटांनी त्यांनी वही मिटली.

"मला बरं वाटत नाहीये," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या.

त्यानंतरच्या बुधवारी त्या बसायलाच आल्या नाहीत. धाकट्या बाईंना वाटलं, आपण मर्यादा ओलांडली. मोठ्या माणसाला असं तोंडघशी पाडायला नको होतं. त्या माफी मागायला गेल्या, तर थोरल्या बाई तोंडावर वही धरून उभ्या राहिल्या.

त्या दिवशी संध्याकाळी थोरल्या बाईंनी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावरही खिडकीशी टेबल मांडून शेजाऱ्यांची घड्याळं उघडून बसे.

"एकोणतीस वर्षं मुलांचं लिखाण तपासतेय," त्या म्हणाल्या, "आणि मला चार ओळी लिहिता येऊ नयेत?"

नवऱ्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "आपलं लग्न झालं तेव्हा मी कामावर जाताना तुझ्यासाठी चिठ्ठ्या ठेवायचो, आठवतं?"

"मग बंद का केल्यात?"

"एके दिवशी घरी आलो तर चिठ्ठी टेबलावर तशीच होती. 'तुझी खुप आठवण येते' असं मी लिहिलं होतं. तू लाल पेनानं 'खु' दीर्घ केला होतास." तो खो खो हसला. "उत्तर काही नव्हतं. फक्त तेवढी दुरुस्ती. म्हटलं, मास्तरणीला चिठ्ठी लिहिणं आपलं काम नव्हे."

तो हसत होता. बाईंना हसू येईना. "एवढी वर्षं बोलला नाहीत," त्या म्हणाल्या.

"अगं, त्यात बोलायचं काय? तुझी सवय ती. पण तुलाही त्याच लाल पेनाची भीती वाटत असणार. आधी तोंडानं सांग की मला. कुठली वस्तू?"

मग त्यांनी सांगितलं. सांगताना दोनदा अडल्या, एकदा डोळे पुसले. सांगून झालं तेव्हा भात खाली लागल्याचा वास घरभर झाला होता.

सकाळी शाळा भरायच्या आधीच थोरल्या बाई 'ब' तुकडीच्या दारात उभ्या होत्या. "तिसरा तास तुझा मोकळा आहे ना? माझ्या वर्गात येऊन बस." त्या पहिल्यांदाच धाकट्या बाईंना 'अगं-तुगं' करत होत्या.

तिसऱ्या तासाला धाकट्या बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. थोरल्या बाईंनी खडू घेतला. मुलांनी नेहमीप्रमाणे वह्या उघडल्या.

"वह्या मिटा. आज उतरवून घ्यायचं नाही. मी लिहितेय, तुम्ही फक्त बघा."

त्यांनी फळ्यावर लिहायला सुरुवात केली. आमच्या घरात एक बशी आहे. तिचा कप नाही. तो माझ्या ताईचा आवडता कप होता, निळ्या फुलांचा. मी तो फोडला. मग त्यांनी 'फोडला' खोडून 'माझ्या हातून पडला' असं केलं. थोडा वेळ त्याकडे पाहिलं, तेही खोडलं आणि पुन्हा लिहिलं, मी तो रागानं फोडला.

"बाई, तुम्ही खोडलंत!" पहिल्या बाकावरची एक मुलगी न राहवून ओरडली.

"हो. कारण आधीचं खरं नव्हतं."

वर्ग एकदम गप्प झाला, पण ही नेहमीची शांतता नव्हती. बाई लिहीत गेल्या. आईनं विचारलं तेव्हा मी धाकट्या भावाचं नाव सांगितलं. त्याला मार बसला. तो आता आजोबा झालाय, पण मी त्याला अजून सांगितलेलं नाही. लिहिण्याच्या भरात हात भराभर चालला होता, अक्षर तिरकं झालं होतं. एका मुलानं हात वर केला. "बाई, 'बशी'च्या 'शी'ला पहिली वेलांटी काढलीत तुम्ही."

बाईंनी वळून पाहिलं. "बरोबर आहे तुझं. दुरुस्त करू. पण आधी सांगून होऊ दे."

मागच्या बाकावर धाकट्या बाईंनी हातरुमाल काढला.

पुढच्या बुधवारी दोघी बसल्या त्या शाळा सुटून शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत. आता बोलायला पुष्कळ होतं. एका वर्गाला जे येत होतं ते दुसऱ्याला हवं होतं. आधी मुलांनी जोडीदाराला तोंडी सांगायचं, मग पेन्सिलीनं लिहायचं. चुका दोन दिवसांनी बघायच्या, आणि एका वेळी एकाच प्रकारच्या. या आठवड्यात फक्त पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात वेलांट्या. चुका अशा टप्प्याटप्प्यानं बघायची युक्ती थोरल्या बाईंची. धाकट्या बाईंना आजवर वाटत असे की दुरुस्ती म्हणजे मुलांचे पंख छाटणं. थोरल्या बाईंनी एका मुलाचा हात धरून त्याला पेन्सिल कशी धरायची ते दाखवलं, तेव्हा धाकट्या बाईंच्या ध्यानात आलं की ते पोर घाणेरडं लिहीत नव्हतं, त्याची बोटं दुखत होती.

कपाट हलवून मधलं दार उघडलं गेलं. 'अ'मधला एक आणि 'ब'मधला एक अशा जोड्या लावल्या. धाकट्या बाईंनी पुन्हा पुन्हा सांगून जे झालं नव्हतं ते तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीनं एका वाक्यात केलं. "हे काय लिहिलंयस? मला नुसत्या मुंग्या दिसतायत," ती जोडीदाराला म्हणाली. तो खजील झाला आणि आपणहून पुन्हा लिहायला बसला.

सहामाहीत 'अ' तुकडीचे शुद्धलेखनाचे गुण घसरले. पहिला नंबर कधी न सोडणाऱ्या एका मुलाचे वडील वही घेऊन हेडसरांच्या खोलीत आले. दोन्ही बाईंना बोलावणं गेलं.

"चुका तशाच सोडल्यात," वडील म्हणाले. "हे काय चाललंय?"

"कल्पना माझी होती," धाकट्या बाई घाईनं म्हणाल्या.

"वही माझ्या वर्गाची आहे आणि सही माझी," थोरल्या बाईंनी त्यांना थांबवलं. "चुका सोडलेल्या नाहीत, पुढच्या आठवड्यासाठी ठेवल्यात. तुम्ही ते वाचलंत का?"

"चुका पाहिल्या ना."

"मीही वर्षानुवर्षं तेवढंच पाहिलं. आता वाचा."

वडील उभ्या उभ्या वाचू लागले. मुलानं लिहिलं होतं, बाबा फोनवर पाच मिनिटांत येतो म्हणतात. मी पाच मिनिटं मोजतो. मग परत मोजतो. कधी कधी बारा वेळा मोजून होतं. पण ते आले की मला उचलतात, म्हणून मी सांगत नाही. वही मिटून ते खुर्चीवर टेकले.

"ही आज घरी नेऊ का?" त्यांनी विचारलं.

हेडसर खिडकीबाहेर पाहत होते. गुणांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

रात्रपाळीवाल्या आईच्या मुलीनं 'माझी आई' पुन्हा लिहिलं, कुणी न सांगता. आई झोपली की आम्ही दाराच्या घंटेला फडकं बांधतो. आजोबा खोकला आला की अंगणात जाऊन खोकतात. मी चप्पल हातात घेऊन चालते. दुपारी आई उठते तेव्हा आमच्या घरात सकाळ होते. अर्ध्या पानात अकरा चुका होत्या. थोरल्या बाईंनी ती वही तीन दिवस स्वतःजवळ ठेवली. चौथ्या दिवशी मुलीला शेजारी बसवून त्यांनी एकेक वेलांटी दुरुस्त करून घेतली. पेन मुलीच्या हातात होतं.

वर्ष संपलं तेव्हा सगळं काही सुरळीत झालं होतं असं नाही. सहा-सात मुलं अजूनही तीन ओळींत दमत. एकाला तर अक्षरं उलटी दिसत असावीत, असं दोघींना उशिरा सुचलं आणि त्याच्या घरच्यांना तपासणीसाठी गळ घालावी लागली. हे आधीच लक्षात यायला हवं होतं, म्हणून धाकट्या बाई बरेच दिवस हळहळत होत्या. थोरल्या बाईंनी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. "मलाही नाही दिसलं," एवढंच त्या म्हणाल्या. पाचवीच्या सरांनी मात्र पुन्हा एकदा न सांगता विषय दिला आणि या वेळी गठ्ठा घरी नेला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बायकोला वाचून दाखवले चार-पाच."

नव्या वर्षाच्या पहिल्या बुधवारी दोघी बसल्या होत्या, तेवढ्यात तिसरीच्या बाई दारात घुटमळल्या. काखेत वह्यांचा ढीग होता.

"मी आले तर चालेल? म्हणजे, माझ्या वर्गाचंही जरा अवघडच आहे."

धाकट्या बाईंनी खुर्ची ओढून दिली. तिसरीच्या बाईंनी घाईघाईनं वरची वही उघडली, बोटानं एक चूक दाखवली आणि म्हणाल्या, "हे बघा ना, हा मुलगा नेहमीच..."

"वही राहू दे," थोरल्या बाई म्हणाल्या. "मुलगा कसा आहे ते सांग."

तिसरीच्या बाईंनी वही मिटली. मग खुर्चीत नीट टेकल्या आणि सांगू लागल्या.