जिभेचा अध्याय

मास्तरांकडे गाडी शिकून गेलेल्या कुणालाही विचारलं, तर तो दोन गोष्टी हमखास सांगे. एक, मास्तरांचा विद्यार्थी परीक्षेत सहसा नापास होत नाही. दुसरी, शिकताना निदान एकदा तरी रडतो. मास्तर शिवी कधी देत नसत. माणूस देवभीरू, रविवारी चर्चमध्ये ठरलेल्या बाकावर वेळेआधी हजर. पण शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसले की त्यांच्या जिभेला धार चढे. "ब्रेक आहे तो, झुरळ नाही चिरडायला." "स्टिअरिंग आहे, म्हशीची शिंगं नव्हेत." त्यांच्या माघारी सगळे त्यांना भोंगा म्हणत आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांना ते कळलं बायकोकडून. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असे. एकदा बँकेत काम करणारी एक मुलगी डोकेदुखीची गोळी घ्यायला आली आणि गोळी हातात पडायच्या आतच बोलायला लागली. सकाळी शिकवणीची गाडी भर सिग्नलला सोडून, दार आपटून ती चालत निघून आली होती. त्या भोंग्याची बायको त्याच्याशी नांदते तरी कशी कोण जाणे, असं ती म्हणाली. काउंटरमागच्या बाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. बरी नांदते, म्हणाली, तिला गाडी शिकायची नाहीये ना. मुलगी गोळी गिळायचीच विसरली.

रात्रीच्या जेवणाला बायकोनं हे सगळं आवाज न चढवता सांगितलं. मास्तरांचा घास तोंडातच घोळत राहिला. आपण शिस्त लावतो, उद्या रस्त्यावर जीव वाचावा म्हणून बोलतो, असं त्यांनी सांगून पाहिलं.

"त्यांना शिस्त तुम्ही लावता," बायको म्हणाली. "तुमच्या जिभेला कोण लावणार?"

मास्तर दोन दिवस फुगून बसले. मग त्यांनी पवित्र शास्त्र काढलं आणि याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय उघडला. तो सगळा जिभेवरच आहे. संडे स्कूलमध्ये असताना त्यांनी पुष्कळ वचनं पाठ केली होती, पण ती बक्षिसासाठी. बक्षिसाची पेन्सिल झिजली तशी वचनंही गेली. आता अख्खा अध्याय पाठ करायचा, बक्षीस नाही, ऐकणारं कुणी नाही, रोज थोडा थोडा, असं त्यांनी ठरवलं. पहिल्याच वचनानं त्यांना पकडलं. तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय जास्त कडक होणार, अशा अर्थाचं ते वचन. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वचन होतं तिथंच होतं.

पुढचं मात्र त्यांच्या धंद्यातलंच निघालं. घोड्याच्या तोंडात लगाम घातला की सगळा घोडा वळतो. वाऱ्यानं रेटली जाणारी मोठमोठी तारवंसुद्धा लहानशा सुकाणूनं हवी तिकडे नेता येतात. ही वचनं त्यांना एका बैठकीत पाठ झाली. शिवाय त्यांनी एक नियम केला. बोचरं वाक्य ओठांवर आलं की ते गिळायचं आणि त्या जागी मनातल्या मनात वचन म्हणायचं.

नियम चांगला होता, पण शिकणाऱ्यांना त्याची काय कल्पना? गाडी चौकात बंद पडली की मास्तर डोळे अर्धे मिटत आणि त्यांचे ओठ हलू लागत. आपण इतकी वाईट चालवतो की भोंगासुद्धा जीव मुठीत धरून प्रार्थना करतो, असा सगळ्यांचा समज झाला. एका शिंप्यानं तर हात जोडून सांगितलं, मास्तर, माझ्यामुळे तुम्हाला काही होणार असेल तर मला सायकलच बरी. तेव्हापासून मास्तर वचनं मोठ्यानं म्हणू लागले. तारू म्हणजे जहाज, हे शिंप्यानं विचारून घेतलं. त्याचा धर्म वेगळा होता, पण पुढे पुढे मास्तर अडले की पुढचा शब्द तोच पुरवी आणि तेवढ्यात गिअर चुकवी.

असं सगळं बरं चाललं असताना मास्तरांच्या सासूबाईंनी गाडी शिकायचं मनावर घेतलं.

सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे राहत. मोठ्या इस्पितळात मेट्रन, सगळ्या नर्सांच्या प्रमुख, होत्या त्या. त्यांची पावलं जिन्यावर वाजली की डॉक्टरसुद्धा चहाचे कप लपवत, असं सांगत. आता निवृत्त झाल्या होत्या. सासऱ्यांची नजर हळूहळू जात चालली होती आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला साफ मनाई केली होती. गाडी दारात उभी, चालवणारं कुणी नाही. आपणच शिकावं, असं सासूबाईंनी ठरवलं आणि घरचा मास्तर असताना दुसरीकडे कशाला जायचं, असंही त्यांनीच ठरवलं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती लगबगीनं दुसऱ्या खोलीत गेली. तिच्या हसण्याचा आवाज भिंतीतून आला.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी फाटकाचा खांब घासला. मास्तरांनी लगामाचं वचन म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उजवीकडचा दिवा दाखवून गाडी डावीकडे वळवली. मास्तरांनी सुकाणूचं वचन म्हटलं. चढावर गाडी मागे घसरायला लागली तेव्हा तर लहानशी ठिणगी केवढं रान पेटवते, तिथपासून जीभ म्हणजे प्राणघातक विषानं भरलेली, तिथपर्यंत ते एका दमात गेले. सासूबाईंना स्वतःला कितीतरी स्तोत्रं पाठ होती, लहानपणापासूनची. त्या नुसत्या ऐकत आणि क्लच सोडत.

मास्तरांची अडचण वेगळीच होती. विषाच्या वचनापाशी ते पोचत आणि तिथून थेट झऱ्याच्या वचनावर उडी मारत, म्हणजे एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी कसं निघेल, त्या वचनावर. मधलं काहीतरी सुटे. घरी पुस्तक उघडून पाहिलं की ते दिसे, पाठ केलं की होई, आणि गाडीत बसलं की पुन्हा गायब. पायरी चुकावी तसं.

एका सकाळी बाजाराच्या रस्त्यावर सासूबाई गाडी चालवत होत्या. अगदी व्यवस्थित चालली होती. समोरून हातगाडी आली, त्यांनी वेग कमी केला, पुन्हा वाढवला, तीन गिअर न अडखळता टाकले. मास्तर सवयीनं म्हणत होते.

"मधलं गाळलंत," सासूबाई म्हणाल्या.

मास्तर म्हणाले, काही गाळलं नाही. त्या म्हणाल्या, गाळलंत, रोजच गाळता. आणि त्यांनी ब्रेक दाबला. भर रस्त्यात गाडी उभी. मागून हॉर्न सुरू झाले. मास्तरांनी आधी गाडी पुढे घ्यायला सांगितलं. त्यांनी आधी वचन म्हणायला सांगितलं. तेव्हा इतक्या आठवड्यांचं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"ह्या वयात तुम्हाला गाडी येणार नाही," मास्तर ओरडले. "उगाच लोकांच्या जिवाशी खेळ. घरी बसा ना निवांत."

सासूबाईंनी पहिला गिअर टाकला, गाडी पुढे नेली, बाजूला एक टेम्पो आणि एक पांढरी गाडी यांच्या मधे जागा होती तिच्या पुढे जाऊन थांबल्या, आरशात पाहिलं, सावकाश मागे आल्या आणि गाडी त्या फटीत बसवली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले. मास्तरांचे कान तापले. बाहेर कुणीतरी कापडाचे तागे उतरवत होतं, तिकडे ते पाहत राहिले.

"मी जीव मुठीत धरून येते रोज," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "घरातून निघताना ह्यांना सांगते, आज छान जमणार बघा. आणि इथं तुम्ही माझ्या शेजारी बसून तोंडात बोळा कोंबल्यासारखं शास्त्र म्हणता. वाईट बोलायचं थांबलात, हे मान्य. पण चांगलं बोललात का एकदा तरी? आज तीन गिअर न अडखळता टाकले मी. तुम्ही काय म्हणालात? विष म्हणालात."

आणि तेवढ्यात, एवढे दिवस सुटणारं ते वचन मास्तरांसमोर येऊन उभं राहिलं. ह्याच जिभेनं आपण देवाचा धन्यवाद करतो आणि देवाच्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसांना ह्याच जिभेनं शाप देतो; एकाच तोंडातून दोन्ही निघतं, असं होऊ नये. पाठ का होत नव्हतं ते त्यांना कळलं. रविवारी ज्या तोंडानं ते गीतं गात, त्याच तोंडानं सोमवारी त्यांनी बँकेतल्या मुलीला रडवलं होतं. आणि गेले कित्येक आठवडे तर ते वचनांनीच माणसांना टोचत होते, फक्त सुई तेवढी स्वच्छ होती.

त्यांनी ते वचन सावकाश म्हटलं, एकही शब्द न गाळता. मग म्हणाले, "आई, चुकलो मी. मघाशी बोललो ते खोटं होतं. तुम्हाला गाडी येते."

सासूबाईंनी आरसा सरळ केला.

"आणि पार्किंग फार सुरेख केलंत."

सासूबाईंनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. टेम्पोपासून हातभर, पांढऱ्या गाडीपासून हातभर. इतके दिवस रिकाम्या मैदानातसुद्धा त्यांना हे जमलं नव्हतं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे मी केलं?" आणि आधी त्या हसल्या, मग मास्तर. कापडवाला वळून पाहू लागला.

चांगलं बोलायला शिकणं मास्तरांना पाठांतराहून जड गेलं. सुरुवातीला तर फजितीच व्हायची. "आज कुणाला धडकला नाहीत, छान," असं ते शिंप्याला म्हणाले आणि शिंपी दिवसभर विचार करत राहिला की हे कौतुक होतं की टोमणा. मग हळूहळू जमू लागलं. आरसा पाहिलात, बरं केलंत. वळण छान घेतलंत. बँकेतल्या मुलीच्या घरी जाऊन त्यांनी क्षमा मागितली. तिच्या आईनं त्यांना खुर्ची दिली. मुलगी आधी दुसरीकडेच शिकायचं म्हणत होती, पण पुढच्या आठवड्यात परत आली. मात्र मागच्या सीटवर माझा भाऊ बसेल, अशी अट घालून. मास्तरांनी अट मान्य केली. भाऊ दोन दिवसांत कंटाळून यायचा बंद झाला. अध्याय पुरा झाला, तरी मास्तर रोज सकाळी पहिला विद्यार्थी यायच्या आधी रिकाम्या गाडीत बसून तो एकदा म्हणत. आता त्यात कुणाला टोचायचं नव्हतं.

सासूबाईंची परीक्षा झाली त्या दिवशी मास्तर आणि सासरे मैदानाच्या कडेला बाकावर बसले होते. सासरे दर मिनिटाला विचारत, आता कुठवर आली? परीक्षा घेणारा साहेब गाडीत बसला, तशी आतून सासूबाईंची मेट्रनची हाक बाहेरपर्यंत ऐकू आली, बेल्ट लावा आधी. साहेबानं मुकाट्यानं बेल्ट लावला. त्या वळणं वळल्या, चढावर थांबून न घसरता निघाल्या, मागे घेताना एकदा खुंटीला टेकल्या की काय असं वाटलं, पण नाही. पास झाल्या.

परत जाताना सासूबाईच स्टिअरिंगवर, शेजारी सासरे आणि मास्तर मागे. वाटेत औषधांच्या दुकानासमोर गाडी थांबवून त्यांनी लेकीलाही गाडीत घेतलं. ती अर्ध्या तासाची सुटी काढून आली आणि मास्तरांच्या शेजारी बसली. सरळ घरी न जाता सासूबाई तळ्याकडच्या रस्त्याला लागल्या. सासरे काचेकडे तोंड करून बसले होते, पण त्यांना नुसते धूसर रंग दिसत होते.

"काय दिसतंय रे बाहेर?" त्यांनी मागे विचारलं.

मास्तरांनी आजवर रस्ता पाहिला होता तो खड्डे, सायकली आणि आडवं येणारं माणूस यांच्यासाठी. ते जरा गोंधळले. मग पुढे वाकून सांगू लागले. एक बाई शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवतेय, निळ्या रंगानं, अर्धी झालीय. दोन म्हातारे बाकावर बसलेत आणि एकाच वर्तमानपत्राची दोन टोकं धरून वाचताहेत. तळ्यात पाणी भरपूर आहे, मध्ये बगळा उभा आहे, एका पायावर. सासरे ऐकत होते. मान हलवत होते. बगळा कुठल्या पायावर, असंही त्यांनी विचारलं.

"दोघं जरा गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. "मी वळतेय."

त्या वळल्या, छान वळल्या, आणि मास्तरांनी ते तसं त्यांना सांगितलं. मग ते पुन्हा सासऱ्यांना सांगू लागले, की बगळा उडाला.