अंगणातल्या आंब्याचा निवाडा

सुज्ञ व रसिक वाचकहो! प्रस्तुत कथेत एका आम्रवृक्षाचे मरण कसे जवळ आले, ते टाळण्यासाठी एका सत्यवचनी गृहस्थाने असत्याचा आश्रय कसा घेतला, आणि अखेर त्या वृक्षाचा निवाडा कोणाच्या मुखातून झाला, हे क्रमाक्रमाने निवेदन करण्यात येईल. कथेत कोणाचाही वध होत नाही. आंबे मात्र पुष्कळ खर्ची पडतात.

म्हसावद येथील पितांबरभाऊ यांच्या अंगणात, फाटकापासून बरोबर सात पावलांवर, सदर वृक्ष उभा होता. तो कोयीपासून वाढलेला होता. फार वर्षांपूर्वी पितांबरभाऊ आपले स्नेही, तळोद्याचे फळविक्रेते मेहबूबभाई, यांच्या सोबतीने नावेत बसून मणिबेलीस गेले होते. तेथे दिवलीबाई नामक वृद्धेने, धरणाच्या पाण्यात अर्धे बुडालेल्या एका झाडाचा आंबा त्यांच्या हातावर ठेवला. तो खाताच पितांबरभाऊंची वाचा बसली. कोय त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली, घरी येईपर्यंत खिशावरचा हात काढला नाही, आणि त्याच सायंकाळी ती अंगणात पुरली. पुढे पाणी चढले आणि ते मूळ झाड दिसेनासे झाले.

त्या गोष्टीस चौदा वर्षे लोटली. झाड वाढले, डेरेदार झाले, परंतु फळास येईना. प्रतिवर्षी मोहोर यावा आणि गळून जावा. पितांबरभाऊंच्या धर्मपत्नी गजराबाई अंगण झाडताना म्हणत, "हाई झाड तुमनासारखंच शे. डोलस लई, देस काही नई."

पितांबरभाऊ हे बोलणे शांतपणे ऐकून घेत आणि मणिबेलीच्या आंब्याचे वर्णन पुन्हा एकदा करीत. त्या वर्णनात दरवर्षी थोडी साखर वाढत असे.

संकट आले ते ट्रॅक्टरच्या रूपाने. सुपुत्र नवनीत याने नवा ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर फाटकातून आत येई, परंतु मागची ट्रॉली झाडाला अडे. नवनीतला तेथे पत्र्याची शेड उभारायची होती. नेमके त्याच वर्षी झाडाला फळे लागली. मोजून अकरा! एवढ्यावरून पिता-पुत्रांत ओट्यावर बैठक बसली.

"आबा," नवनीत म्हणाला, "चौदा वरीस तुमी सांगी ऱ्हायनात, मनीबेलीना आंबा असा नि तसा. आते आखाजीले चाखी दखूत. चांगला निंघना तर झाड ऱ्हाई, शेड मी मांगे बांधसू. आंबट निंघना तर त्याच दिन धुडकूभाऊले कुऱ्हाड लई बलावसू."

"आनि चाखी कोन?"

"मेहबूबचाचा. त्यासनी जीभ पुरा तळोदा मानस."

"कबूल!" पितांबरभाऊ उद्गारले. अभिमानाच्या भरात माणूस फार लवकर कबूल होतो.

नवनीतने स्वतः अकरा फळे उतरवली. माजघराच्या कोपऱ्यात गव्हाच्या काडाची आढी घातली गेली, वर गोणपाट पसरले गेले. आणि तेथूनच पितांबरभाऊंच्या झोपेचा नाश झाला. कारण त्यांना आता मेहबूबभाईंचे एक जुने वाक्य आठवू लागले. कलमाचे झाड आपल्या जातीला जागते, पण कोयीच्या झाडाचा काही भरवसा नसतो, असे ते नावेतच म्हणाले होते.

वाचक विचारतील, मग त्यांनी एक आंबा गुपचूप चाखून का पाहिला नाही? त्याचे उत्तर असे की, आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवल्यावाचून जुनी माणसे पिका आंबा तोंडात घालीत नाहीत. पितांबरभाऊंनी हा नेम साठ वर्षे पाळला होता. खोटे बोलणे त्यांना एक वेळ जमले असते, परंतु वडिलांच्या आधी आंबा खाणे शक्य नव्हते. म्हणून ते नुसते गोणपाट उचलून वास घेत, फळ अंगठ्याने हळूच दाबत, आणि एकदा तर त्यांनी ते कानाशी धरले.

"काय ऐकी ऱ्हायनात?" गजराबाईंनी विचारले. "मोबाईल शे का तो?"

चौथ्या दिवशी त्यांना आढीतून आंबट वास आला. तो आढीचा होता की त्यांच्या मनाचा, हे सांगणे कठीण आहे. त्यांनी तडक तळोदा गाठले. दुकानावर मेहबूबभाई नव्हते, त्यांचा मुलगा जाहिद होता. पितांबरभाऊंनी निवडून निवडून केशर आंबे घेतले, अकरा. जाहिदने प्रेमाने बारावा हातावर ठेवला, तो त्यांनी निखारा परत करावा तसा परत केला.

दुपारी गजराबाई दळणास गेल्या असता त्यांनी आढीतील अकरा आंबे काढले आणि त्या जागी अकरा केशर निजवले. खरे आंबे कोठे लपवावे? त्यांची दृष्टी ज्वारीच्या कोठीवर पडली. त्यांनी कोपरापर्यंत हात खुपसून एकेक फळ ज्वारीत पुरले. त्या घरात त्यांचा जन्म गेला होता, परंतु ज्वारीची कोठी किती वेळा उघडली जाते, याचा विचार करण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता.

आखाजीच्या दोन दिवस आधी कन्या रुपा माहेरी आली. येताना ती तळोद्यास मेहबूबभाईंच्या पत्नी अख्तरबानो यांना भेटून आली, कारण तिला त्यांच्या हातचा शिरखुर्मा लहानपणापासून प्रिय होता. तिने आल्या आल्या झाडाच्या आडव्या फांदीकडे पाहिले. आखाजीचा झोका त्याच फांदीला बांधला जाई.

"दादा, झाड तोडशी तर मी झोका कोठे बांधू? तुन्हा ट्रॅक्टरले?"

"ट्रॅक्टरले बांध," नवनीत म्हणाला, "जोरमा जाशी."

आखाजीचा दिवस उजाडला. घागर भरली गेली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवले गेले. खापरावरच्या पुरणपोळ्यांचा सुगंध गल्लीत पसरला. गजराबाईंनी गोवरीच्या विस्तवावर तूप सोडून दिवंगत सासऱ्यांच्या नावाने आगारी टाकली, त्यात पोळीचा घास आणि आमरस अर्पण केला. पितांबरभाऊंनी हात जोडले आणि वडिलांना मनोमन सांगितले की, आज जे काही होईल त्याकडे आपण कृपया काणाडोळा करावा.

एवढ्यात मेहबूबभाई मोटारसायकलवरून आले. गावचे लाकूडतोडे धुडकूभाऊही कुऱ्हाड घेऊन आले आणि ओट्यावर पोळीची वाट पाहत बसले.

नवनीतने सर्वांसमक्ष आढीवरचे गोणपाट उचलले. काड बाजूला सारले. पाच आंबे लांबट, शेंदरी झाक असलेले होते. उरलेले सहा चिमुकले, गोल, हिरवट. पितांबरभाऊंनी वाकून पाहिले आणि पुन्हा मोजले. पाच त्यांच्या ओळखीचे होते. पण हे सहा कोण?

"आबा, एक झाडले दोन तऱ्हाना आंबा?"

पितांबरभाऊंनी एक लांबट आणि एक गोल आंबा हातात घेतला. "एक मायना पोरं तरी कोठे सारखा ऱ्हातस?" ते म्हणाले. "तू दख, आनि रुपा दख."

रुपा त्या क्षणी छताकडे पाहत होती.

मेहबूबभाईंनी हात धुतले, 'बिस्मिल्ला' म्हटले आणि लांबट आंब्याची फोड जिभेवर ठेवून डोळे मिटले.

"केसर," ते डोळे न उघडता म्हणाले. "अस्सल केसर. पितांबरभाऊ, तुम्ही नावेत बसून मनीबेलीले गयथात का रेल्वेमा बसून केसरना मुलुखमा, जुनागढले?"

मेहबूबभाईंनी गोल आंबा हाती घेतला, परंतु तो तोंडापर्यंत गेलाच नाही. नाकाजवळ येताच त्यांचे डोळे विस्फारले. त्या फळास शेपूच्या भाजीचा स्पष्ट वास येत होता.

"हा शेप्या आंबा! ये तो मेरे आँगन का है! पूरे तळोदे में एकच झाड है. अख्तरबानो माले एक देत नई. म्हनस, मेहमानसाठे ठेवेल शेत." त्यांनी सर्वांकडे पाळीपाळीने पाहिले. "यहाँ मेहमान कौन?"

रुपाने पदराचे टोक दातांत धरले. "चाचा... चाचीनी सहा दिधात. मी आढीमातला सहा काढीसन मन्ही पिशवीमा घालात, नि हाई ठेवात. झाड ऱ्हावाले जोयजे म्हनीसन."

"रुपा!" पितांबरभाऊ कळवळून ओरडले. "तू बी?"

"बी?" रुपाने विचारले. "बी म्हंजे काय, आबा?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मेहबूबभाईंनी दिले. "जाहिद सांगी ऱ्हायना व्हता. म्हसावदना काका येल व्हतात, केसर मोजीसन अकरा लिधात, बारावा फुकट दिधा तर पळी गयात. मी म्हटलं, मानूस डझन लेस, हाई अकरा कसाले?"

ओट्यावरून धुडकूभाऊंच्या हसण्याचा आवाज आला. नवनीत मात्र हसला नाही.

"म्हंजे अकरामा आपला एक बी नई! खरा आंबा कोठे शेत?"

"ज्वारीना कोठीमा," पितांबरभाऊ खाली मान घालून म्हणाले.

नवनीतने कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. उजवा घातला, डावा घातला, मग डोके घातले. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत ज्वारी होती आणि हातात काहीही नव्हते. पितांबरभाऊंनी स्वतः जाऊन पाहिले. कोठीत ज्वारीखेरीज काही नव्हते. अकरा आंबे अंतर्धान पावले होते.

"आबा," नवनीत हळू आवाजात म्हणाला, आणि तो आवाज ओरडण्याहून जड होता, "त्या झाडवर तुमनाच इस्वास नई. मंग मी कसा ठेवू? धुडकूभाऊ, चला."

पितांबरभाऊंना बसलेला हा घाव कुऱ्हाडीच्या आधीचा होता. ते मुकाट्याने अंगणात गेले आणि झाडाच्या खोडावर तळहात टेकवून उभे राहिले. मुलाचे बोलणे खरे होते. चौदा वर्षे त्यांनी झाडाची स्तुती केली, आणि परीक्षेच्या दिवशी त्याला कोठीत कोंडून दुसऱ्यालाच बसवले.

"थांबा रे समदा!" चुलीकडून गजराबाईंचा आवाज आला. "पहिले जेवा. आखाजीना दिन उपाशी कुऱ्हाड चालाव नई मन्हा आंगनमा."

गजराबाईंची आज्ञा मोडण्याची त्या घरात प्रथा नव्हती. पंगत बसली. नवनीत रागात असल्यामुळे भराभर जेवू लागला. त्याने पोळीचा तुकडा आमरसात बुडवून तोंडात घातला आणि त्याचा हात मध्येच थबकला. मग त्याने वाटी तोंडाला लावली.

"माय, रस."

गजराबाईंनी वाढला. तो संपला. पुन्हा वाढला. तोही संपला. मेहबूबभाईंनीही दोनदा वाटी पुढे केली होती. धुडकूभाऊ बोटे चाटत होते. एकट्या पितांबरभाऊंची वाटी तशीच भरलेली होती. चौथ्या वाटीनंतर नवनीतने ती उचलून आपल्यासमोर ओढली.

"आबा, याले म्हनतस आंबा! शिका काही. माय, कोना दुकानथून आनात? दोन पेटी सांगी ठेव."

"पेटी कसानी?" गजराबाई खापरावरची नजर न काढता म्हणाल्या. "दुकान आंगनमा उभं शे. तुन्हा ट्रॉलीले अडस ते."

पंगतीतील सर्व हात जागच्या जागी थांबले.

"तुन्हा बापनी कोठीमा लपाडात. मी दररोज भाकरीसाठे ज्वारी काढस, त्यासले काय माहीत! त्याच दिन सापडनात. ज्वारीना उबारामा असा पिकनात, आढीमा पिकतात नई. तुमनी चाखानी भानगड तुमी दखा, मी बोलनू नई. पन झाडले पहिलांदाव फळ येल शे. सासराना आगारीमा मी इकतना आंबाना रस टाकू का?"

नवनीतने हातातील वाटीकडे पाहिले. ती त्याच्या वडिलांची होती, आणि रिकामी होती.

"चाचा," तो ओशाळून म्हणाला, "तुमी सांगा. निवाडा तुमना शे."

मेहबूबभाईंनी घसा साफ केला. "सच बोलू? बाजारमा हा आंबा कोनी लेवाव नई. रेशा लई, आनि पहिले जरासा आंबट लागस. मंग गोड. मंग..." ते थांबले. पुढचा शब्द त्यांना सापडेना, म्हणून त्यांनी वाटी पुढे केली. "भाभी, उरेल शे का?"

उरला नव्हता. पातेल्यात एक कोय तेवढी होती. गजराबाईंनी ती पितांबरभाऊंच्या ताटात ठेवली.

पितांबरभाऊंनी कोय चोखली. खरे सांगायचे तर ती मणिबेलीची चव नव्हती. ती कोठे गेली, हे त्या पाण्यालाच ठाऊक. ही निराळीच होती, थोडी हट्टी, उशिरा गोड होणारी. त्यांनी हे कोणास सांगितले नाही. डोळे मिटून ती कोय पांढरी होईपर्यंत चोखली आणि मनातल्या मनात झाडाची क्षमा मागितली.

"आबा," नवनीत म्हणाला, "शेड मी मांगे बांधसू."

"आनि ट्रॉली?"

"ट्रॉली रस्तावर ऱ्हाई. तिले काय आंबा लागतस?"

धुडकूभाऊ जेवून उठले. आणलेली कुऱ्हाड तशीच परत नेणे त्यांना कमीपणाचे वाटत असावे, कारण ते बराच वेळ झाडाभोवती घुटमळले. शेवटी रुपाने त्यांच्या हाती दोर दिला. कुऱ्हाड खोडाशी टेकवून ते वर चढले आणि त्यांनी आडव्या फांदीला झोका बांधून दिला. पहिला झोका घेण्याचा मान, सर्वांच्या आग्रहाने, गजराबाईंना मिळाला. झोका उंच जाताना त्यांनी खाली पाहिले, तो पितांबरभाऊ ती कोय हळूच सदऱ्याच्या खिशात घालीत होते.

"ती आते कोठे लावतस?" त्या वरूनच ओरडल्या.

पितांबरभाऊंनी खिशावर हात ठेवला आणि फाटकाबाहेरची, ट्रॉली उभी राहायची जागा न्याहाळली.

येथे ही कथा समाप्त झाली. आपण आपला अमूल्य वेळ देऊन ती अखेरपर्यंत वाचलीत, याबद्दल मी अंतःकरणापासून आभार मानतो. लेखनात काही उणे-अधिक राहिले असल्यास उदार मनाने क्षमा व्हावी.

आपला नम्र,
रतिलाल उखा चौधरी
मुक्काम म्हसावद, तालुका शहादा