तीस पावलं

"काका, जरा इकडे या. हे बघा, नकाशात झेब्रा क्रॉसिंग दवाखान्याच्या फाटकासमोर आहे. आणि तुमच्या खुणा तिकडे, पार वळणाकडे. असं कसं?"

नव्या इंजिनियर मॅडमनी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला होता आणि उडू नये म्हणून त्यावर स्वतःचं हेल्मेट ठेवलं होतं. रस्ता वाहनांना बंद होता. दोन दिवसांपूर्वी जुना थर खरवडून नवं डांबर घातलेलं, रोलर फिरून गेलेला. आता फक्त पांढरे पट्टे मारायचे राहिले होते, आणि ते काम मुकादमांचं.

मुकादम एकतीस वर्षं हेच करत आले. पट्टे मारणाऱ्या टोळीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि त्याला कारणही तसंच होतं. रस्ता खरवडायच्या आधी ते एकटे चालत जायचे आणि जुना पट्टा जिथे असेल तिथे फुटपाथच्या कडेच्या दगडावर पिवळा ठिपका द्यायचे. नवं डांबर पडलं की सगळं काळं. मग त्या ठिपक्यांवरून दोरी ताणायची, की पट्टा पुन्हा जागच्या जागी. नकाशा कोण उघडतंय? तो ऑफिसच्या कपाटात आराम करायचा. टोळीतली माणसं म्हणायची, मुकादमांचा ठिपका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मुकादमांनाही ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

"खुणा जुन्याच आहेत मॅडम," ते म्हणाले. "आधीच्या पट्ट्यांवरून घेतल्या."

"आणि आधीचे पट्टे कशावरून मारले?"

चौदा महिने हा प्रश्न कुणी विचारेल म्हणून मुकादम धास्तावलेले होते, आणि कुणी विचारतही नव्हतं. आज तो असा भर रस्त्यात समोर येऊन उभा राहिला.

अकरा वर्षं झाली त्याला. दवाखाना नवा होता, समोर पहिल्यांदाच झेब्रा मारायचा होता. नेमका फाटकासमोर विटांचा एक ट्रक बंद पडून बसलेला. ट्रक हलेना, ड्रायव्हर सापडेना, आणि इकडे भट्टीत पांढरा रंग वितळून तयार. तो थंड झाला की दगड. "तीस पावलं पुढे मारा रे," मुकादम म्हणाले, "ट्रक गेला की बघू." ट्रक दोन दिवसांनी गेला. बघायचं राहून गेलं. पाच वर्षांनी रस्ता पुन्हा केला तेव्हा त्यांनीच त्या चुकीवर पिवळे ठिपके दिले, आणि चूक पक्की झाली.

त्यांच्या बायकोला गुडघ्यांसाठी दर आठवड्याला त्याच दवाखान्यात जावं लागे. "तुमचा तो झेब्रा कुणाच्या सोयीचा आहे हो?" ती विचारायची. "बसमधून उतरलं की समोर फाटक. माणूस सरळच जाणार. दुखरे गुडघे घेऊन तिकडे कोण जातंय, आणि पलीकडून परत इकडे कोण येतंय?"

"झेब्रा कुठे मारायचा ते कागदावर ठरतं. तू तुझे गुडघे सांभाळ," मुकादम म्हणायचे. चूक कबूल करायची, आणि तीही बायकोजवळ, म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

चौदा महिन्यांपूर्वी ती बसमधून उतरली, सरळ निघाली आणि एका टेम्पोखाली आली. पंचनाम्यात लिहिलं गेलं, पादचारी महिला झेब्रा सोडून रस्ता ओलांडत होती. भेटायला येणारे हळहळायचे आणि तेच म्हणायचे. मुलगी तर आईचं नाव काढलं की चिडायची. डोळ्यांत टिपूस नाही, नुसता संताप. "तीस पावलं, बाबा. आईला तीस पावलं जड झाली." आणि मुकादम मान हलवायचे. गप्प राहिले ते राहिलेच, वर मान हलवली, हे त्यांना आतून खात होतं. परवा तर मुलगी आपल्या सहा वर्षांच्या लेकीला दटावत होती, "रस्त्यात आजीसारखा वेडेपणा करायचा नाही." तेव्हाही ते तिथेच बसले होते, चहाचा कप हातात धरून.

मॅडमनी आवाज खाली आणला. "काका, पुढच्या महिन्यात तुम्ही रिटायर होताय ना? आधीच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, असं लिहू का? ते काही आता हयात नाहीत."

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुकादमांनी रस्त्याकडे बघितलं. बसथांब्यावरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत सरळ फाटकाकडे निघाले होते. रस्त्यावर एकही पट्टा नव्हता, पण त्यांचं काही अडलं नाही.

"नको मॅडम. साहेबांचा काही संबंध नाही. मीच चुकीच्या जागी मारला आणि मीच तो तसा ठेवला. माझं नाव लिहा."

"त्यामुळे इथे कुणाला काही झालंय का?"

"एक बाई गेली."

"कोण?"

"आमच्या घरातली."

मॅडमनी पेन बंद करून खिशात ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही आज घरी जा. बाकीचे करतील."

"घरी जाऊन काय करू? आज मलाच मारू द्या."

खडू चोळलेली दोरी त्यांनी फाटकाच्या खांबांच्या सरळ रेषेत ताणली, मधोमध उचलून सोडली. काळ्या डांबरावर पांढरी रेघ उठली. मग दुसरी, तिसरी. रंगाची गाडी ते स्वतः ओढत होते. कुणी मदतीला आलं की नुसता हात वर करून थांबवायचे. ओल्या रंगावर काचेची भुकटी टाकायची असते, गाडीच्या दिव्यात पट्टा चमकावा म्हणून. तीही त्यांनी वाकून वाकून सगळीकडे सारखी पसरली. दुपार झाली तेव्हा झेब्रा जिथे असायला हवा होता तिथे होता. टोळीतल्या एकाने पाणी आणून दिलं. "झकास झालं मुकादम," तो म्हणाला. मुकादमांना त्याच्याकडे बघवेना. अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि त्याला अकरा वर्षं लागली.

संध्याकाळी ते मुलीकडे गेले. ती नातीच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती. नात खाली बसून चित्र रंगवत होती. मुकादमांनी पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ट्रकपासून ठिपक्यांपर्यंत. मध्ये कुठे थांबलो तर पुढचं तोंडातून निघणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

मुलीने इस्त्री उभी करून ठेवली. "आईला हे ठाऊक होतं?"

"चूक माझी आहे हे नाही. पण जागा चुकलीय हे ती मला सांगायची. मी तिला गप्प करायचो."

"आणि मी एवढं बोलत होते तिला. तुमच्यासमोर."

"हो."

"मान हलवायचात तुम्ही, बाबा."

मुकादम खाली बसले. मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि लेकीजवळ जाऊन टेकली.

"ऐक, आजीचं काही चुकलं नव्हतं. मी तुला चुकीचं सांगितलं होतं."

"मग कोणाचं चुकलं?" नातीने विचारलं.

मुलीने मुकादमांकडे बघितलं नाही, पण उत्तर कोणी द्यायचं ते स्पष्ट होतं.

"माझं, बाळा," मुकादम म्हणाले.

नात त्यांच्याकडे बघत राहिली. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला, पण भांड्याला भांडं लागल्याचा आवाज काही येईना. मग त्यामागून हुंदका ऐकू आला. चौदा महिन्यांत ती आईसाठी पहिल्यांदाच रडत होती. आत जावं की गुपचूप घरी निघून जावं, हे मुकादमांना कळेना. ते मांडीवर कामावरची पिशवी धरून तसेच बसून राहिले, नळ बंद व्हायची वाट बघत.