दारुड्याची भूमिका

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत दारुडा म्हटला की लटारूभाऊच. त्याचा प्रवेश आला की पोरंटोरं शिट्ट्या मारायची, म्हाताऱ्या तोंडाला पदर लावायच्या, आणि हा गडी बाटली उराशी धरून अशा झोकांड्या खायचा की आता पडला, मग पडला. पडायचा मात्र नाही. बाटलीत पाणी असतं, हे त्याची बायको मनकर्णा शपथेवर सांगायची. सुरुवातीची वर्षं तरी सांगायची.

पुढे रसिकांचं प्रेम आडवं आलं. पडदा पडला की कुणीतरी खरी बाटली घेऊन हजर, आणि एवढ्या मायेनं आणलेल्याला नाही कसं म्हणायचं? गेल्या हिवाळ्यात लटारू भर प्रवेशात रंगमंचावरून खाली कोसळला. मंडपात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. बायकांच्या बाजूला बसलेली मनकर्णा तेवढी हसली नाही. हा अभिनय नाही, हे तिला एकटीला कळलं होतं.

उन्हाळ्यात त्याला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, आता प्यालात तर पुढचा हंगाम बघायला राहणार नाही. दारू सोडायचं लटारूनं याआधीही कैक वेळा ठरवलं होतं, आणि ते ठरवणं संध्याकाळपर्यंत टिकायचं. या वेळी मात्र मनकर्णानं कधी पाहिलं नव्हतं ते घडलं. नवरा चारचौघांत मदत मागायला निघाला.

पानठेल्यावर त्यानं विचारलं, "दारू सोडणाऱ्याईची बैठक कुठी भरते रे?"

पानवाला इतका हसला की पानाला चुना लावायचा विसरला. "लटारूभाऊ, नव्या नाटकातला डायलॉग हाय का हा?"

नाटक कंपनीच्या मालकानं तर पाठीवर थाप मारली आणि हा प्रसंग नाटकात घेऊच म्हणाला. लटारू कसनुसं हसून घरी यायचा. मनकर्णाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटी तिनंच मोहल्ल्यातल्या आशा सेविकेला, करिश्माला, गाठलं. करिश्मा हसली नाही. "इथीच, वडशात, अंगणवाडीत बसतेत दर रविवारी," ती म्हणाली. "घरच्याईलेबी येऊ देतेत. तुमीबी चाला, बाई."

अंगणवाडीच्या भिंतीवर गाजरं आणि ससे रंगवलेले होते. खाली पोरांच्या सतरंजीवर मोठमोठे बाप्ये मांड्या घालून बसले होते. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावाहून दर बैठकीला एसटीनं येणारा इसरू मधोमध होता. गट तोच चालवायचा. त्यानं नव्या पाहुण्याला बोलायला सांगितलं.

लटारू उभा राहिला. "मी लटारू. मी दारुड्या हावो."

खोली हास्यानं फुटली. मागून शिट्टी आली. कुणीतरी "वन्स मोअर!" ओरडलं.

मनकर्णानं नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. त्याचा उजवा पाय सवयीनं तिरपा पडत होता. मान कलायला लागली होती. आता एक झोकांडी दिली की सगळे खूश होतील, चहा पाजून कौतुकानं निरोप देतील, आणि आपण याला घेऊन आलो तसेच परत जाऊ. मग दुसरं दार कुठलं?

लटारूनं पाय ओढून सरळ केला. शिट्टी ऐकूनही हा माणूस झोकांडी न खाता उभा राहिलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"हसू नका ना गा," तो म्हणाला. "गेल्या साली स्टेजवरून पडलो, तवा मी खराच पिऊन होतो. तुमी टाळ्या वाजवल्या. मी दारुड्या हावो. मले सोडवत नाई."

कुणी हसलं नाही. मनकर्णाला रडू आलं, आणि रडतारडता ती अभिमानानं ताठ झाली. इतकी वर्षं गर्दीपुढे उभा राहणारा नवरा तिला आज पहिल्यांदा शूर वाटला.

शिट्टी मारणाऱ्यानंच उठून त्याला चहा दिला. लटारूकडून अर्धा चहा सतरंजीवर सांडला. इसरूनं तो आपल्या दुपट्ट्यानं पुसला.

"ते काम सोडून देऊ का?" लटारूनं विचारलं. "पण दुसरं मले येतच नाई."

इसरू म्हणाला, "आमच्या घरी दर उन्हाळ्यात मोहफुलं वाळत असतेत. वास नाकात भरते. मी वेचतो, वाळवतो, अन् त्याची दारू दुसरा कोणी देऊन राह्यला त नाई म्हणतो. झाडाशी माझं भांडण नाई. तू काम कर, भाऊ. फक्त एकटा नको जाऊ."

लटारू रविवार चुकवेना. मध्ये एकदा घसरला, दोन दिवस तोंड लपवून बसला. इसरू एसटीनं येऊन त्याला घरून बैठकीला घेऊन गेला. एका अक्षरानं रागावला नाही. मनकर्णानं मनातल्या मनात त्या माणसाच्या पाया पडून घेतलं.

दिवाळीनंतर तालमी लागल्या. मनकर्णा दुपारी डबा घेऊन गेली, तर पुढच्या रांगेत इसरू आणि अख्खा गट बसलेला. प्रवेश सुरू झाला. बाटली उराशी धरून लटारू आला, झोकांडला, रंगमंचाच्या अगदी कडेपर्यंत गेला. इसरू पुढे सरकला. गटातला एक जण अर्धवट उठलाच.

लटारू एका पायावर डुलत राहिला, आणि पडला नाही.

सगळ्यांच्या आधी मनकर्णा हसली. इतक्या मोठ्यानं, की तालीम थांबली.

"काऊन हसून राह्यली वो?" लटारूनं वरून विचारलं.

"काम चांगलं करता तुमी," ती डोळे पुसत म्हणाली. "करा पुढं."