डाव्या चाकांचं तेल

उस्तादाचं गॅरेज सोडून आकाराम मिस्त्रीनं लक्ष्मीपुरीत स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं, त्याला दोन महिने झाले होते. दोन महिन्यांतलं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कसबा बावड्याचे हंबीरराव. त्यांनी लिलावात मिलिटरीची जुनी पिकअप घेतली होती. पळायला उत्तम, थांबायला नाखूश.

"दसऱ्याला सासुरवाडीला, मलकापूरला न्यायची हाय," हंबीरराव म्हणाले. "ब्रेक जमलं तर माझं दोन्ही ट्रक तुझ्याकडं. न्हाय जमलं तर बावड्यात तुझं नाव मीच सांगतो." हंबीररावांचा आवाज असा, की त्यांनी बावड्यात सांगितलेलं कागलला वेगळं सांगावं लागत नसे.

खंडेनवमीला सकाळी आकारामनं चारी ड्रम उतरवले, ब्रेकशूंवर नवे लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक धरणारे पट्टे, बसवले, डावे डावीकडं आणि उजवे उजवीकडं असे पोत्यावर मांडले आणि तो झेंडूची फुलं आणायला गेला. परत येतो तर त्याच्या आईनं, आक्कानं, हत्यारांची पूजा उरकलेली. पाने, हातोडा, जॅक, ब्रेकशू, सगळ्यांना हळदकुंकू. आकारामनं भक्तिभावानं हात जोडले आणि शू जागेवर चढवले.

दुपारी रंकाळ्याच्या रस्त्यावर त्यानं ब्रेक दाबला. गाडी तडक उजवीकडं वळली आणि समोरच्या टांग्याच्या घोड्याला भेटायला निघाली. टांगेवाल्यानं आकारामच्या सात पिढ्यांची आस्थेनं चौकशी केली.

शेडमध्ये येऊन त्यानं पुन्हा चाकं खोलली. छोट्या लायनरचा शू पुढं, मोठ्याचा मागं, बरोबर होतं. स्प्रिंगा जागच्या जागी. ब्रेकच्या पाइपातली हवा काढली. सगळं जोडून गाडी पुन्हा नेली, ती पुन्हा उजवीकडं. तिसऱ्यांदा खोलताना गरम डाव्या ड्रममधून वास आला. त्यानं नाक जवळ नेलं. कडाकण्या तळल्याचा वास होता.

"आक्का, शूला तेल लावलंस?"

"व्हय की. खंडेनवमीला हत्यारं कोरडी ठेवत्यात व्हय? लावून फडक्यानं पुसलं बी."

"आणि उजव्यांना?"

"कडाकण्यांना नगं तेल? उरलं न्हाय."

आकारामनं कपाळाला हात लावला. तेलकट डावी चाकं निसटत होती आणि कोरडी उजवी तेवढी धरत होती. लायनर पेट्रोलनं धुतले, पॉलिशपेपरनं घासले. गाडी सरळ थांबू लागली. पण लायनर तेल प्यायले होते. गावात चार वेळा ब्रेक लागला असता. मलकापूरच्या वाटेवर उताराला तापला, की तेल परत वर येणार. नवे लायनर हवेत, आणि दुकानं दसरा झाल्याशिवाय उघडणार नव्हती.

दसऱ्याला सकाळी हंबीरराव बायकोला, चिमणाबाईंना, आणि दोन पोरींना घेऊन हजर झाले. त्यांनी गाडी गल्लीत फिरवली, दोनदा ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली.

"शाब्बास, मिस्त्री! ट्रक सोमवारी धाडतो."

पोरी मागं चढल्या. चिमणाबाई खणानारळाची पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसल्या. आकारामनं आता नुसतं गप्प बसायचं होतं. इतकं सोपं काम त्याला दोन महिन्यांत मिळालं नव्हतं. पोरी हसत होत्या. तो जाऊन बॉनेटपुढं उभा राहिला.

"मालक, उतरा. गाडी आज जायाची न्हाय. लायनरात तेल मुरलंय. उताराला दगा देईल."

"तेल? कुणी लावलं?"

दारात आक्का उभी होती.

"म्याच," आकाराम म्हणाला. "चुकून."

"ब्रेकला तेल लावणारा मिस्त्री!" हंबीररावांनी हे अख्ख्या लक्ष्मीपुरीला ऐकवलं, बायकापोरींना उतरवलं आणि ते एस.टी. स्टँडची वाट चालू लागले. त्यांच्या मागोमाग दोन्ही ट्रकही निघाले, असं आकारामला वाटलं.

तेवढ्यात आक्का पदर खोचून, अनवाणी, त्याच्या शेजारून रस्त्यावर धावली.

"अवो पावणं! थांबा की! त्यानं न्हाय, म्या लावलंय तेल! माझी चूक हाय! माझ्या पोराला नावं ठिवू नगा!"

खिडक्या उघडल्या. कोपऱ्यावर हंबीरराव थांबले आणि मागं वळून ऐकू लागले. आकारामच्या तीस वर्षांच्या आयुष्यात आक्कानं चूक कबूल केली नव्हती, देवासमोरसुद्धा. गिऱ्हाईक गेलं तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते. आता तो पिकअपच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.